मशीन राहू द्या, आधी पाकिटावरची तारीख वाचा

मा. संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारी पुरवणीत कॉफीवर पानभर लेख आला होता, घरच्या घरी कॅफेसारखी कॉफी कशी करायची म्हणून. फोटो लई भारी होते. लेख दोनदा वाचला, तिसऱ्यांदा मंडळींना वाचून दाखवला आणि मग राहवेना म्हणून लिहायला बसलोय. त्यात म्हणलंय की चांगली कॉफी पाहिजे तर निदान तीस हजाराचं मशीन घ्या, ते झेपत नसेल तर आपली बरणीतली चमचाभर पावडर काय वाईट. साहेब, मी लातूरच्या मार्केट यार्डात एका आडतीवर मुनीम आहे, २७ वर्षं झाली, तीस हजाराचं मशीन मी घरात आणलं तर त्याला जागा करायला मलाच बाहेर काढतील. आणि तरीही रोज सकाळी सहाला, यार्डात जायच्या आधी, मी जी कॉफी पितो ती त्या फोटोतल्या कॉफीच्या तोडीची असते असं माझं म्हणणं आहे, आणि ते मशीनशिवाय कसं जमलं तेवढंच सांगायचंय.

आमच्याकडं कॉफी म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊकच आहे. दूध जास्त, साखर त्याहून जास्त, वर जायफळ किसून, आणि तीही पाहुणे आले तर किंवा पोरांची परीक्षा असली तर. बाकी सगळा कारभार चहावर. यार्डात तर सौदा सुरू व्हायच्या आधी दोन कट आणि सौदा झाल्यावर एक, असं धरलं तरी दिवसाला पाच होतात. मी चहाच्या विरोधात नाही, अजूनही पितो.

पोरगी बेंगळुरूला नोकरीला लागली आणि तिथून हे सुरू झालं. दोन वर्षांमागं दिवाळीला आली तेव्हा तिनं तिथल्या एका छोट्या भाजणाऱ्याकडनं पाव किलोचं पाकीट आणलं. भाजणारा म्हणजे रोस्टर, पण आपल्याकडं त्याला सरळ शब्द आहे, भडभुंजा. फुटाणेवाला हरभरा भाजतो तसा हा कॉफीची हिरवी बी आणून मशीनच्या ड्रममध्ये भाजतो, एका वेळी पाच-दहा किलो. तर ते पाकीट टम्म फुगलेलं होतं. मंडळींनी हातात घेतलं, दाबलं, म्हणल्या हे नासलंय, दुधाची पिशवी नासल्यावर अशीच फुगती. पोरीनं पाकिटावरचं एक बारीक बटणासारखं भोक दाखवलं आणि म्हणली आई आता दाब. दाबल्यावर त्यातनं फुस्स करून हवा आली आणि तिच्याबरोबर जो वास आला तो काय सांगू, भाजलेला शेंगदाणा, गूळ आणि कुठंतरी लांबून संत्र्याची साल. ते भोक म्हणजे एकतर्फी झडप असते, आतला वायू बाहेर येतो, बाहेरची हवा आत जात नाही. मंडळी म्हणल्या, वास चांगला आहे पण नासलेलंच आहे.

मी मात्र पाकिटावरचं लिहिलेलं वाचत बसलो. मुनीमच तो, कागद दिसला की वाचणार. मळ्याचं नाव. गाव चिकमगळूर जिल्ह्यातलं. समुद्रसपाटीपासून उंची १२०० मीटर. वाण एस ७९५. फळाचा गर धुवून काढून मग वाळवलेली. आणि खाली हातानं शिक्का मारलेली तारीख, भाजल्याची, अकरा दिवसांपूर्वीची. साहेब, मी २७ वर्षं मालाच्या पट्ट्या लिहितोय पण एका पाव किलोच्या पाकिटावर एवढी कुळकथा मी कधी पाह्यली नव्हती. एस ७९५ म्हणजे काय म्हणून विचारलं तर पोरीनं शोधून सांगितलं, चिकमगळूरकडं बाळेहोन्नूरला कॉफीचं संशोधन केंद्र आहे तिथलं वाण. म्हणलं मग सोपं आहे, आपलं बदनापूरचं बीडीएन ७११ तुरीचं जसं, तसंच हे.

आता पहिली फजिती. पाकिटात अख्खी बी होती. मंडळींनी मिक्सरला लावली. वर बघितलं तर पीठ, खाली कणी, मधी रवा, सगळं एकत्र. स्टीलच्या मद्रासी फिल्टरमध्ये टाकली, पाणी ओतलं, अर्धा तास थेंब पडेना आणि पडला तो कडूजहर, वर मागनं आंबट. एकाच घोटात कडू आणि आंबट दोन्ही कसं काय? तर कारण सोपं निघालं. पिठातनं पाणी सगळं ओढून घेतं, नको ते पण, म्हणून कडू. कणीच्या आतपर्यंत पाणी पोचतच नाही, नुसतं वरवरचं आंबट तेवढं सुटतं. मिक्सरचं पातं बीला ठोकून फोडतं, मग कुठला तुकडा केवढा पडंल त्याला काही धरबंद नाही. कॉफीला पाहिजे जातं. दोन दाती चकत्या, मधी ठरलेली फट, त्या फटीतनं निघंल तेवढ्याच मापाचा दाणा. डाळ भरडायची असली की जात्याची वरची तळी जरा उचलून घ्यायची आणि पीठ पाहिजे असलं की खाली बसवायची, हे आमच्या आईला कुणी शिकवलं नव्हतं. हँड ग्राइंडर म्हणजे अगदी तेच, मुठीएवढं जातं. मी साडेतीन हजाराला घेतला, आणि ह्या सगळ्या धंद्यात माझा हाच एक मोठा खर्च. तुमच्या लेखात ग्राइंडरला दोन ओळी होत्या आणि मशीनला अर्धं पान. उलटं पाहिजे होतं.

बाकी सामान म्हणाल तर प्लास्टिकची एक नरसाळ्यासारखी कोन, दोनशे-अडीचशे रुपयांची, त्यात घालायचे कागद आणि ग्रॅम दाखवणारा बारीक काटा. काटा दुकानातला जुना पडून होता, मालकांना विचारून घरी आणला. कागदाचा फिल्टर ही काही नवी चैन नाही, मेलिटा बेंट्झ नावाच्या एका जर्मन बाईनं १९०८ साली काढलाय, पोराच्या वहीतला टिपकागद आणि पितळेचं भोकं पाडलेलं भांडं घेऊन, कारण तिला कपातला चोथा आवडत नव्हता. घरच्या बाईचाच शोध म्हणल्यावर आमच्या मंडळींचं ह्या प्रकरणाबद्दलचं मत जरा नरमलं.

पण खरी फजिती झाली ती पाण्यानं, आणि ह्याच्यावर मला जरा जास्त लिहायचंय कारण लेखात पाण्याचा प सुद्धा नव्हता. लेख लिहिणारे पुण्याचे असावेत, तिथं नळाला धरणाचं गोड पाणी येतं, त्यांना पाण्याचा विचार करायची वेळच येत नाही. आम्ही लातूरकर. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी पिलेली माणसं, आम्हाला पाण्यातलं कळतं असं वाटत होतं. ग्राइंडर आला, काटा आला, १५ ग्रॅम कॉफीला २४० मिली पाणी असं पोरीनं लिहून दिलं, सगळं बरहुकूम केलं, आणि चव आली राखेची. वास इतका सुंदर आणि तोंडात गेली की मेलेली. पोरगी बेंगळुरूवरनं व्हिडिओ कॉलवर बघायली, म्हणायली अप्पा सगळं बरोबर करताय, मग काय झालं. मग एक दिवस किटलीच्या बुडाला पांढरे पापुद्रे दिसले आणि डोक्यात उजेड पडला. आमच्या घरात वापराचं पाणी बोरचं, सहाशे फुटांवरचं. आरओवाला सर्व्हिसिंगला आला होता त्याच्याकडनं मीटर घेऊन बघितलं, टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरमागं ८०० मिलिग्रॅम.

कॉफीच्या चवीतला जो चांगला आंबटपणा असतो, फळासारखा, तो आम्लांचा असतो. आणि बोरच्या जड पाण्यात चुनखडीचे क्षार असतात ते आम्लाला मारतात. पित्त उसळल्यावर आपण खायचा सोडा घेतो ना, अगदी तसंच, पाणी कॉफीचं पित्त शांत करून टाकतं आणि उरतो नुसता कडूपणा. मग मी हुशारी केली आणि सरळ आरओचं पाणी घेतलं. आरओचा टीडीएस ४०. तर कॉफी झाली पातळ आणि टोचरी, चिंचेच्या पाण्यासारखी. कारण पाण्यात थोडे क्षार लागतातच, कॅल्शियम-मॅग्नेशियम असलं की बीतली चव बाहेर ओढली जाते, नुसतं मोकळं पाणी तेवढं ओढत नाही. कॉफीवाल्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं पाण्यासाठी १५० च्या आसपासचा टीडीएस धरलाय. मग काय, मुनीमाला आणि काय पाहिजे. एक भाग बोर आणि सहा भाग आरओ: ८०० अधिक सहा चोक चोवीस म्हणजे २४०, झाले १०४०, भागिले ७, आले १४८ आणि वर काही. दुसऱ्या दिवशी सकाळी एका तांब्याला सहा तांबे असं पाणी मिसळून बाटलीत भरलं, कॉफी केली, आणि पहिल्या घोटाला मी मंडळींना हाक मारली. त्या आल्या, पिल्या, काही बोलल्या नाहीत, कप मात्र परत दिला नाही.

हे माप जसंच्या तसं तुमच्या बोरला लागू पडंल असं नाही बरं का. टीडीएस म्हणजे सगळ्या क्षारांची बेरीज, त्यात चुना किती आणि मीठ किती हे मीटर सांगत नाही. बोरचं पाणी जर खारट लागत असंल तर ते मिसळूच नका. पण जड पाण्याची तक्रार परभणीलाही आहे, जालन्यालाही आहे, बीडलाही आहे, आणि ह्या भागात कुणी हौसेनं दोन-चार हजार घालवून राख पीत बसला असंल तर त्यानं आधी पाणी बघावं, कॉफीला आणि स्वतःला शिव्या देऊ नयेत. त्या बेंगळुरूच्या भडभुंज्याला मी फोन करून सांगितलं की बाबा तुझ्या पाकिटावर सगळी कुंडली आहे, एक ओळ पाण्याची पण टाक, तुझं गिऱ्हाईक आता कुठल्या कुठल्या गावात आहे. तो हसला आणि म्हणला, काका, लातूरला माझी तीनच पाकिटं जातात. म्हणलं एक माझं, बाकीचे दोघं कोण? सांगेना. त्या दोघांनी हे पत्र वाचलं तर यार्डात येऊन भेटावं.

आता तारखेचं. आपण म्हणतो ताजं ते चांगलं, फुटाणे गरम गरम खावेत. कॉफीचं तसं नाही. बी भाजताना साधारण १९५-२०० अंशाला तडतड फुटायला लागते, लाह्यांसारखा आवाज येतो, त्याला पहिली तडक म्हणा, आणि आत वायू साठतो, तोच तो पाकीट फुगवणारा. भाजल्या-भाजल्या केली तर हा वायू पाण्याला आत शिरू देत नाही. म्हणून आठवडाभर तरी ठेवायची, फिक्की भाजलेली असली तर दोन आठवडे, आणि मग महिना-दीड महिन्यात संपवायची. त्यानंतर काही विषारी होत नाही पण वास उडून जातो, राहतं काळं पाणी. हे तपासायला मशीन लागत नाही. कोनात कॉफी घातली की आधी थोडंसंच पाणी ओतायचं, ४० मिली धरा, आणि अर्धा-पाऊण मिनिट नुसतं बघत थांबायचं. माल ताजा असला की तो चिखल हळूहळू वर येतो, मधोमध फुगतो, बुडबुडे येतात आणि फुटतात, भाकरी तव्यावर फुगायला लागावी तसं. जुना असला तर पाणी सरळ खाली निघून जातं, कॉफी बसल्या जागी बसूनच राहते. माझ्या दिवसातलं सगळ्यात निवांत अर्धं मिनिट ते. तेव्हा फोन वाजला तरी घेत नाही, आणि यार्डातल्या माणसानं सकाळी फोन न घेणं म्हणजे काय ते यार्डातल्यांनाच कळंल.

आणि म्हणून माझा राग आहे तो तारीख न लिहिणाऱ्यांवर. उन्हाळ्यात एकदा छोट्या भडभुंज्याकडं माल संपला होता म्हणून मी एका मोठ्या ऑनलाइन दुकानावरनं मागवली, प्रीमियम, स्पेशल, सोनेरी अक्षरं, किंमत दीडपट. पाकिटावर पॅकिंगचा महिना होता आणि बारा महिन्यांत वापरा असं होतं. भाजली कधी? ते कुठंच नाही. पॅक केल्याची तारीख आणि भाजल्याची तारीख ह्यात किती महिने गेले ते गिऱ्हाइकानं कुठं शोधायचं. कोनात पाणी ओतलं, बुडबुडा एक नाही. परत घ्या म्हणलं तर खाद्यपदार्थ परत घेत नाहीत. वरनं कुरियरवाल्यानं तो डबा मे महिन्यात सहा दिवस कुठल्या तरी पत्र्याच्या गोडाऊनमध्ये ठेवलेला. मी त्यांना मेल लिहिला, त्याला उत्तर आलं की तुमचा अनुभव आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. बस्स.

गेल्या वर्षी जानेवारीत पोरीनं आम्हा दोघांना चिकमगळूरला नेलं. बाबाबुदनगिरीचा डोंगर लांबनं दाखवला, सतराव्या शतकात बाबा बुदन नावाचे फकीर हजहून येताना येमेनमधनं कॉफीच्या सात बिया घेऊन आले आणि तिथं लावल्या अशी कथा तिकडं पोरासोरांना पाठ आहे. एका मळ्यात गेलो. मला वाटलं होतं चहासारखं कापलेलं हिरवंगार काहीतरी असंल, तर हे म्हणजे जंगलच. वर सिल्व्हर ओकची उंच झाडं, त्यांच्या खोडावर मिरीचे वेल चढवलेले, आणि खाली सावलीत कॉफीची झुडपं. बाया कमरेला पिशवी बांधून एकेक लाल फळ तोडत होत्या, हिरवं तसंच ठेवायचं, आठ-दहा दिवसांनी परत त्याच झाडाला यायचं. मंडळींनी एक फळ तोंडात टाकलं, म्हणल्या गोड आहे की, आणि आतनं दोन बिया काढून हातावर घेतल्या, चिकट, पांढऱ्या, शेंगदाण्याच्या डाळीसारख्या एकमेकींना पोट लावून बसलेल्या.

पुढं खळं होतं. हो, खळंच, सोयाबीन पसरावं तशी बी पसरलेली आणि एक माणूस फावड्यानं दिवसभर वरखाली करायला. माझा जीव तिथं रमला. नमी किती ठेवता म्हणून विचारलं तर १० ते १२ टक्के. आम्ही सोयाबीनला १२ बघतो. नमुना ३५० ग्रॅमचा काढतात, एकेक दाणा बघतात, काळा, आंबलेला, बुरशी धरलेला असा मोठा डाग एकसुद्धा चालत नाही, किरकोळ डाग पाचापर्यंत. मग चव घेणारे बसतात, वाटीत कॉफी भिजवून चमच्यानं फुर्रर करून ओढतात, बशीतला चहा ओढावा त्याच्या दुप्पट आवाजात, आणि १०० पैकी गुण देतात. ८० किंवा त्याच्या वर गेली तर तिला स्पेशालिटी म्हणायचं. म्हणजे स्पेशालिटी हा काही जाहिरातीतला शब्द नाही, पास-नापासचा आहे. आणि घट विचारली तर ऐका, सहा किलो लाल फळातनं एक किलोच्या आसपास हिरवी बी निघते, ती भाजली की आणखी पंधरा टक्के घट. म्हणजे माझ्या पाव किलोच्या पाकिटामागं त्या बायांनी पावणेदोन किलो फळं एकेक करून तोडलेली असतात. ते कळल्यावर मी साडेपाचशे रुपयांना महाग म्हणणं सोडलं.

तिथल्या मॅनेजरनं मला उलटा प्रश्न केला, तुमच्याकडच्या तुरीवर शेतकऱ्याचं नाव असतं का? काय सांगणार. आमच्याकडं सौदा निघतो, मापाडी माप घेतो, आणि एकदा वजन झालं की आमच्या जिल्ह्यातल्या बोरसुरीचा माल आणि चार गावं पलीकडचा माल एकाच ढिगात. बोरसुरीच्या तूरडाळीला २०२४ ला भौगोलिक मानांकन मिळालं, जालन्याच्या दगडी ज्वारीलाही त्याच वेळी. कॉफीवाल्यांना कूर्ग, वायनाड, चिकमगळूर, अराकू, बाबाबुदनगिरी ही पाच मानांकनं २०१९ ला मिळाली, आमच्या आधी पाचच वर्षं. पण त्यांच्या पाकिटावर ते नाव गिऱ्हाइकापर्यंत जातं आणि आमचं नाव फाट्यावरच उतरतं. हमीभाव ४८९२ असताना त्याच्या खाली गेलेल्या सोयाबीनच्या पट्ट्या मी माझ्या हातानं लिहिल्यात, म्हणून हे जास्त लागलं. तुमच्या शेतीच्या पानावर ह्याच्यावर कुणी लिहील तर बरं. मी आडतीवरचाच माणूस, माझ्या तोंडून हे शोभत नाही म्हणणारे म्हणतील, म्हणू द्या.

हिशोब सांगून टाकतो. पाव किलोत १५ ग्रॅमनं सोळा कप होतात, पाकीट साडेपाचशेला, म्हणजे कपाला चौतीस-पस्तीस रुपये, कागदासकट छत्तीस-सदतीस धरा. यार्डातला कट दहाला. मॉलमधली कॉफी अडीचशेला, आणि ती पण दुधात बुडवलेली. माझी कॉफी चहाहून महाग आहे, खोटं कशाला बोलू, म्हणून दिवसाला एकच. आणि रोबस्टा ही कॉफीची दुसरी जात स्वस्त पडते, तिच्यात कॅफिन अरेबिकाच्या, म्हणजे मी पितो त्या जातीच्या, जवळपास दुप्पट, जोर पाहिजे असणाऱ्यांनी ती दुधाबरोबर घ्यावी, त्यात कमीपणा नाही, आपल्या देशात जास्त पिकते तीच.

दोन चुका लेखात होत्या त्या पण दुरुस्त करा. महाराष्ट्रात कॉफी पिकत नाही म्हणलंय. पिकते, अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याला, थोडी का असेना. दुसरं, अरेबिका ही अरबस्तानातली म्हणलंय. झाड मूळ इथिओपियाचं, पण अरबस्तानातल्या येमेनमधनं ते जगभर गेलं म्हणून ते नाव चिकटलं.

आणि बरणीतल्या पावडरीला काय वाईट असं जे लिहिलंय त्याबद्दल. वाईट नाही, पण बरणी उलटी करून वाचा. चिकोरी मिसळलेली असंल तर किती टक्के ते लिहावंच लागतं, आणि कायद्यानं कॉफी ५१ टक्क्यांच्या खाली जाता कामा नये. चिकोरी म्हणजे एक मूळ, भाजून कुटलेलं, कॅफिन अजिबात नाही. उरलेल्या ४९ पर्यंत ते असू शकतं. लिहून विकतात म्हणजे ती भेसळ नाही, आणि मद्रासी फिल्टरवाल्यांना तर चिकोरीशिवाय दाटपणा येत नाही असं वाटतं, त्यांची आवड त्यांना लखलाभ. पण निम्मी मुळी पिऊन माणूस म्हणत असंल की मला कॉफी आवडत नाही, तर त्यानं अजून कॉफी पिलीच नाही.

मंडळींचं विचाराल तर त्या माझी काळी कॉफी दोन घोट घेतात आणि उरलेल्यात गरम दूध, साखर आणि जायफळ घालून पितात. एस ७९५ मध्ये जायफळ! मी पोरीला फोनवर सांगितलं, मला वाटलं ती चिडंल. ती म्हणली अप्पा, मला पण रेसिपी पाठवा.

आपला एक वाचक,
मार्केट यार्ड, लातूर

ता. क. पत्र मोठं झालंय ह्याची कल्पना आहे. जागेसाठी कापायचं असलं तर चिकमगळूर कापा, जायफळ कापा, पाण्याचा हिशोब तेवढा ठेवा. आणि तुमच्या ऑफिसात कॉफीचं मशीन आहे असं ऐकलं, त्याच्या टाकीत बोरचं पाणी घालतात का आरओचं ते एकदा शिपायाला विचारून बघा.